रविवारचा तास महाग का?

मेलबर्नच्या एखाद्या उपनगरात व्हीलचेअर वापरणाऱ्या बाई एकट्या राहतात आणि त्यांच्याकडे रविवारी सकाळी दोन तास सपोर्ट वर्कर येते, असं समजा. पलंगावरून उठवणं, अंघोळ, कपडे, चहा-नाश्ता. नंतर २०२५-२६ च्या दरांनी जे बिल येतं त्यात एक ओळ अशी असते: ०१_०१४_०१०७_१_१, दोन तास, दर १२७.४३ डॉलर, एकूण २५४.८६. तिच्याखाली आणखी एक: प्रवास, २० मिनिटं, ४२.४८ डॉलर. हेच काम, याच वर्करने मंगळवारी सकाळी केलं असतं तर तासाला ७०.२३ डॉलर लागले असते.

असं बिल पहिल्यांदा हातात पडलं की डोळे पांढरे होतात. अंघोळ घालायचे एवढे? आणि मग लगेच पुढचा निष्कर्ष, की त्या वर्करची चांगलीच चंगळ असणार. हे दोन्ही अंदाज चुकतात. पण ते का चुकतात हे कळायला ऑस्ट्रेलियाची नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम, सगळे तिला एनडीआयएस म्हणतात, जरा आतून पाहावी लागते. या योजनेबद्दल बोलताना सरकार किती अब्ज खर्च करतं याची चर्चा फार होते. मला मात्र त्यातली सगळ्यात वाचण्यासारखी गोष्ट वाटते ती दरवर्षी १ जुलैला लागू होणारी तिची दरसूची. योजनेची खरी धोरणं भाषणांत शोधू नयेत, ती तिथे आकड्यांत लिहिलेली असतात.

योजनेच्या आधी तिथला कारभार विखुरलेला होता. प्रत्येक राज्याचं वेगळं खातं, वेगळे नियम. सरकार संस्थांना ठोक अनुदान द्यायचं आणि संस्था ठरवायच्या कोणाला काय मिळेल ते. जागा असेल तर मिळणार, नसेल तर यादीत थांबा. २०११ मध्ये तिथल्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने सविस्तर अहवाल देऊन ही व्यवस्था अपुऱ्या पैशांची, अन्यायकारक आणि तुकड्यातुकड्यांत विभागलेली असल्याचं सांगितलं. मार्च २०१३ मध्ये ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने कायदा केला, १ जुलै २०१३ पासून न्यूकॅसलजवळचा हंटर भाग, जिलाँगचा परिसर, टास्मानिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया इथे योजना सुरू झाली आणि २०१६ पासून देशभर पसरत गेली. पैशांची काही सोय म्हणून १ जुलै २०१४ पासून करदात्यांचा मेडिकेअर अधिभार दीड टक्क्यावरून दोन टक्के करण्यात आला. नावात ‘इन्शुरन्स’ आहे ते यासाठी: अपंगत्व कोणाच्याही वाट्याला येऊ शकतं, तेव्हा त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा, आणि लहानपणी केलेला खर्च पुढच्या आयुष्यभराचा खर्च कमी करतो हे हिशेबात धरायचं.

मोठा बदल मात्र दुसराच होता. अनुदान संस्थेला न देता माणसाच्या नावावर ठेवायचं असं ठरलं. आता त्या बाई ग्राहक झाल्या. संस्था आवडली नाही तर दुसरी. आणि ज्या क्षणी त्या ग्राहक झाल्या त्या क्षणी प्रश्न उभा राहिला की भाव काय.

त्यांच्या नावावरचे पैसे, ज्याला तिथे प्लॅन म्हणतात, म्हणजे हातात मिळणारे पैसे नव्हेत. याबाबत नव्याने योजनेत आलेल्या घरांचा सर्रास गोंधळ होतो. ‘अमुकला साठ हजारांचा प्लॅन मिळाला’ असं ऐकलं की शेजारपाजारचे हेवा करतात, पण त्यातला एक डॉलरही भाडं, किराणा किंवा विजेच्या बिलाला वापरता येत नाही. उदरनिर्वाहासाठी डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन ही पूर्ण वेगळी व्यवस्था आहे आणि तिला उत्पन्नाची अट आहे. एनडीआयएसला उत्पन्नाची अट नाही. डॉक्टरच्या मुलालाही प्लॅन मिळतो आणि बेकाराच्याही. पण जे मागाल ते अपंगत्वामुळे लागणारं, आणि कायद्याच्या भाषेत रास्त आणि गरजेचं असायला हवं. ऑक्टोबर २०२४ पासून काय चालेल आणि काय चालणार नाही याच्या याद्याच आल्या आहेत.

प्लॅनमध्ये मुख्य कप्पे तीन. कोअर, म्हणजे रोजच्या जगण्याला लागणारी मदत: अंघोळ, स्वच्छता, बाहेर नेणं-आणणं, डायपरसारख्या वस्तू. कपॅसिटी बिल्डिंग, म्हणजे थेरपी, नोकरीची तयारी आणि अशा गोष्टी ज्यांनी पुढे मदत कमी लागेल. आणि कॅपिटल, म्हणजे व्हीलचेअर, होइस्ट, बाथरूममधले बदल. एका कप्प्याचे पैसे दुसऱ्यात सहसा जात नाहीत. थेरपीचे पैसे उरले म्हणून रविवारी जास्त तास घेऊ, असं चालत नाही.

आता बिलातल्या त्या लांबलचक आकड्याकडे येऊ. ०१ म्हणजे रोजच्या जगण्यातली मदत हा गट. ०१४ हा त्या गटातला क्रमांक, इथे तो रविवार. मंगळवारी दिवसा तोच ०११ झाला असता, सार्वजनिक सुट्टीला ०१२, शनिवारी ०१३, कामाच्या दिवशी संध्याकाळी ०१५. पुढचे ०१०७ म्हणजे प्रोव्हायडरने, म्हणजे सेवा देणाऱ्याने, कोणत्या कामासाठी नोंदणी केलेली असते तो वर्ग. आणि शेवटचा १ म्हणजे हे पैसे कोअरमधून जाणार. एकदा हे उमगलं की बिल वाचायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही. मंगळवारच्या कामावर ०१४ लागला असेल तर चूक झालेली आहे, किंवा कोणीतरी केलेली आहे.

७०.२३ हा दर आकाशातून पडलेला नाही. त्यामागे एक खर्चाचा नमुना आहे आणि योजना चालवणारी एजन्सी तो प्रसिद्ध करते. तळाशी असतं वेतन, या क्षेत्राच्या वेतन-निवाड्यानुसार. त्यावर भरपगारी रजा. त्यावर मालकाने भरायचा निवृत्तिनिधी, जुलै २०२५ पासून १२ टक्के. कामगारांचा अपघात विमा. वर्करच्या वर देखरेख करणाऱ्याचा वेळ. प्रशिक्षण, नोंदी, मीटिंग अशा ज्या वेळेचा पगार द्यावा लागतो पण बिल लावता येत नाही त्याचा वाटा. मग ऑफिस, सॉफ्टवेअर, हिशेबनीस यांचा वरखर्च, आणि सगळ्यात शेवटी दोन टक्के नफा. वर्करचं मूळ वेतन या सगळ्यात साधारण निम्म्याच्या आसपास येतं. २०२४-२५ मध्ये हाच दर ६७.५६ होता. वेतन आयोगाने साडेतीन टक्के वाढ दिली, निवृत्तिनिधी अर्ध्या टक्क्याने वाढला आणि दर ७०.२३ झाला. म्हणजे सूची बरीचशी वेतनाच्या मागे चालते.

रविवारचं उत्तर इथेच आहे. निवाड्यानुसार कायम नोकरीतल्या वर्करला शनिवारी दीडपट, रविवारी दुप्पट आणि सार्वजनिक सुट्टीला अडीचपट वेतन द्यावं लागतं. दरसूचीत मात्र शनिवार ९८.८३, रविवार १२७.४३ आणि सुट्टी १५६.०३ दिसते, नेमकी पट नाही. कारण रजेसारख्या काही गोष्टी मूळ वेतनावर मोजल्या जातात, त्या रविवार आला म्हणून दुप्पट होत नाहीत.

म्हणून प्लॅनचे पैसे मोजताना ‘तास गुणिले दर’ हे गणित फसवं ठरतं. रोज सकाळी एक तास मदत लागते असं धरा. सातही दिवस ७०.२३ ने मोजले तर वर्षाला २५,५६४ डॉलर. शनिवार-रविवार त्यांच्या दराने धरले तर आठवड्याला ५७७.४१ आणि वर्षाला ३०,०२५. साडेचार हजारांचा फरक पडला, आणि यात सार्वजनिक सुट्ट्या अजून धरलेल्याच नाहीत. आता प्रवास घ्या. शहरी भागात प्रोव्हायडरला तुमच्याकडे येण्याचा तीस मिनिटांपर्यंतचा वेळ त्याच तासाच्या दराने लावता येतो, करारात तसं कबूल केलं असेल तर. रोज वीस मिनिटं लावली तर बिल एक तृतीयांशाने वाढतं, म्हणजे थेट ४०,०३४ डॉलर. त्या बाईंना मदत मिळाली तेवढीच, पण वर्षाचे दहा हजार डॉलर रस्त्यावर गेले.

त्यामुळे माहीतगार माणसं करार करताना तासाच्या दराबद्दल फारशी घासाघीस करत बसत नाहीत. ती विचारतात, वर्कर राहते कुठे? आमच्याकडे येण्याआधी त्याच भागात आणखी कोणाकडे जाते का? जात असेल तर प्रवास वाटून लावाल ना? आणि रद्द करण्याचा नियमही आधीच विचारतात. सपोर्ट वर्करचं काम सात दिवसांच्या आत रद्द केलं आणि प्रोव्हायडरला तिच्यासाठी दुसरं बिलपात्र काम सापडलं नाही, तर ठरलेले सगळे पैसे लावता येतात. ताप आला म्हणून सकाळी फोन करून ‘आज नको’ म्हटलं तरी. नियम क्रूर वाटतो खरा, पण त्या वर्करनेही तो तास दुसऱ्या कोणाला दिलेला नसतो.

दरसूचीतला दर ही वरची मर्यादा असते, आणि ती कोणावर बंधनकारक हे प्लॅन कोण सांभाळतं यावर ठरतं. एजन्सीकडे ठेवला तर फक्त नोंदणीकृत प्रोव्हायडर घ्यावे लागतात आणि मर्यादेच्या वर एक सेंटही जात नाही. प्लॅन मॅनेजर नेमला तर नोंदणी नसलेलेही चालतात, मर्यादा मात्र लागू राहते, आणि त्या मॅनेजरची महिन्याची शंभर डॉलरच्या आसपासची फी प्लॅनमध्ये वेगळी दिलेली असते. स्वतः सांभाळला तर मर्यादा सुटते. वर्करशी थेट बोलून पंचावन्नात ठरवा किंवा ऐंशीत, पण पावत्या, हिशेब आणि तपासणी आली तर उत्तरं, सगळं तुमच्या गळ्यात.

कागदोपत्री ही ‘मर्यादा’ आहे. छत. त्याखाली स्पर्धा होईल आणि भाव उतरतील, अशी मूळ कल्पना होती. झालं उलटं. बहुतेक बिलं छताला टेकलेली असतात. आणि यात नवल ते काय? ग्राहकाच्या खिशातून पैसे जात नाहीत, वर्कर मिळणंच मुश्कील असतं, आणि सरकारने स्वतःच छापून दिलेला आकडा असताना दोन डॉलर कमी घ्यायला कोण जाईल? ब्रूस बोनिहाडी आणि लिसा पॉल यांच्या अध्यक्षतेखालच्या एनडीआयएस रिव्ह्यूचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला, त्यानेही यावर बोट ठेवलं आणि दर ठरवण्याचं काम योजना चालवणाऱ्या एजन्सीकडून काढून आरोग्य व वृद्धसेवांचे दर ठरवणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे न्यावं असं सुचवलं. मला ती सूचना पटते. जो पैसे देतो त्यानेच भावही ठरवायचा, म्हणजे तंगीच्या वर्षी तराजू कुठे झुकणार ते उघड आहे.

वस्तूंच्या बाबतीत तर छतही नसायचं. शॉवर चेअर घ्यायला गेलात आणि दुकानदाराने विचारलं, ‘एनडीआयएस का?’, की भाव चढायचा. योजनेचे तेव्हाचे मंत्री बिल शॉर्टन याला लग्नाच्या भावाची उपमा द्यायचे. ती मराठी माणसाला समजावून सांगायला नको: तोच हॉल, तेच डेकोरेशन, वाढदिवस म्हटलं तर एक रक्कम आणि लग्न म्हटलं तर दुसरी. डिसेंबर २०२३ मध्ये आचारसंहितेत बदल करून, योग्य कारण नसताना योजनेतल्या माणसाला त्याच वस्तूसाठी जास्त भाव लावायला मनाई झाली. ‘योग्य कारण’ या दोन शब्दांत पळवाट आहे हे खरं, पण निदान आता विचारता तरी येतं.

जुलै २०२५ मध्ये सरकारने उलट बाजूने हात घातला. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा तासाचा दर १९३.९९ वर जो काही वर्षांपासून गोठलेला होता तो तसाच ठेवला. फिजिओथेरपिस्टचा दर मात्र देशभर १८३.९९ केला. मेलबर्न-सिडनीत दहा डॉलरची कपात, पण पर्थ, अ‍ॅडलेड, होबार्ट, डार्विनकडे तो आधी २२४.६२ होता, तिथे एकदम चाळीसची. एजन्सीचं म्हणणं असं की खासगी बाजारात तीच सेवा स्वस्त मिळते, मग सरकारने जास्त का द्यावे. हा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही. खासगी क्लिनिकमध्ये पेशंट चालत येतो, अर्ध्या तासात जातो. इथे थेरपिस्टने घरी जायचं, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाशी आधी जुळवून घ्यायचं, मग आईला व्यायाम शिकवायचे, शाळेला पत्र लिहायचं. त्यातच थेरपिस्टच्या प्रवासाच्या वेळेचा दरही अर्ध्यावर आणला. शहरातल्या क्लिनिकला याने फार फरक पडत नाही, गाडी घेऊन फिरणाऱ्याला पडतो. दुर्गम भागांसाठी दर ४० टक्के आणि अतिदुर्गम भागांसाठी ५० टक्के वाढवून मिळतात, पण वाढवून दिलेल्या दराने थेरपिस्ट जन्माला येत नाही.

एवढी काटकसर का, तर योजना अंदाजाबाहेर वाढली. २०११ मध्ये कमिशनने सुमारे चार लाख दहा हजार माणसं धरली होती. आज सात लाखांहून अधिक आहेत आणि वर्षाचा खर्च ४० अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. ऑटिझम हे मुख्य निदान असलेल्यांचा गट सर्वांत मोठा, आणि त्यात मुलं फार. कारण राज्यांनी आपापल्या जुन्या सेवा हळूहळू गुंडाळल्या, आणि बुडत्याला एकच ओंडका उरला.

आपल्याकडे हा पैसा वेगळ्या वाटेने येतो. युडीआयडी कार्ड, ४० टक्क्यांची अट, संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान, ठरावीक अपंगत्वांसाठी ‘निरामय’चा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, महापालिका-ग्रामपंचायतींचा पाच टक्के निधी. म्हणजे हातात थोडी रोख, आणि सेवा आपली आपण बघा. पुण्या-मुंबईत अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ब्युरोमधून मावशी आणतात, बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्यूटी. त्या पैशातले मावशीला किती आणि ब्युरोचं कमिशन किती, हे घरच्यांना सहसा कळत नाही. रविवारचा दर दुप्पट असण्याचा तर प्रश्नच नाही, रविवार हा वेगळा दिवसच नाही.

ऑस्ट्रेलियात गेलेल्या मराठी घरांचा या योजनेशी दोन टोकांनी संबंध येतो. बरेच विद्यार्थी आणि नव्याने आलेल्या बायका सपोर्ट वर्करचं काम करतात, आणि मराठी बोलणारी वर्कर मिळाली तर तिथल्या आजीला किती बरं वाटतं ते सांगायला नको. पण आजीला ती मिळेल योजनेबाहेरून, कारण पहिल्यांदा प्रवेश घेताना वय ६५ च्या आत असावं लागतं. आई-वडिलांना तिकडे नेणाऱ्यांची इथे निराशा होते. त्यांच्यासाठी वृद्धसेवांची वेगळी खिडकी आहे आणि तिथले नियमही वेगळे. शिवाय नागरिकत्व किंवा कायम रहिवास हवा. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या इंजिनिअरच्या मुलाला ऑटिझम असेल तर प्लॅन नाहीच, आणि कायम रहिवासाचा अर्ज करताना त्या मुलाच्या सेवांचा अंदाजे खर्च सरकार मोजतं आणि तो ठरलेल्या मर्यादेत आहे का ते पाहतं. जुलै २०२४ पासून ही मर्यादा ८६,००० डॉलर केली आणि शाळेतल्या विशेष शिक्षणाचा खर्च मोजणीतून काढला, त्यामुळे पूर्वीपेक्षा बरीच घरं सुटतात. पण अर्ज भरण्याआधी जाणकाराला विचारावं, फेसबुकवरच्या ग्रुपला नव्हे.

आणखी एक बदल ज्यांचा प्लॅन मे २०२५ नंतर झाला आहे त्यांना भोवतो. वर्षाचे पैसे आता एकदम वापरायला मिळत नाहीत, बहुतेकदा तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांत मोकळे होतात. उरले तर प्लॅन संपेपर्यंत पुढच्या हप्त्यात जातात, पण पुढच्या हप्त्यातले आधी काढता येत नाहीत. वर्षाचे ३०,०२५ डॉलर चार भागांत कापले की तेरा आठवड्यांना ७,५०६ येतात, आणि रोज एक तासाला ते नेमके पुरतात. पण हप्ता १ डिसेंबरला सुरू झाला तर त्यात नाताळ, बॉक्सिंग डे, १ जानेवारी आणि २६ जानेवारी अशा चार सुट्ट्या येतात. चारही कामाच्या वारी आल्या तर प्रत्येकीचे ८५.८० डॉलर जादा, मिळून ३४३.२०. तेवढ्याने फेब्रुवारीचे शेवटचे चार-पाच दिवस कोरे पडतात. म्हणून प्लॅन राबवायला मदत करणारे तिथले सपोर्ट कोऑर्डिनेटर नोव्हेंबरमध्येच कॅलेंडर आणि दरसूची शेजारी शेजारी उघडून बसतात, आणि नाताळच्या दिवशी सकाळी घरचं कोणी मोकळं आहे का, हे कुटुंबाला आधीच विचारून ठेवतात.